आठ सरळ कॉलम

आठही कॉलम अगदी सरळ उभे होते, आणि भानगड तीच होती.

मी आणि सुजाता खाली रस्त्यावर उभे होतो. सांगली-मिरज रोड. पुण्याहून पहाटेच्या एसटीनं निघून थेट साइटवर आलो होतो, बॅगा अजून हातात. आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे. चष्मा पुसला, परत बघितलं. खालचे चार मजले ठरल्याप्रमाणं थोडे थोडे डावीकडं फिरत वर गेलेले. त्यांच्यावरचे कॉलम आम्ही पुण्यात असताना भरले होते. ते मात्र तिथनं नाकासमोर वर निघालेले. फळ्यासुद्धा काढून झाल्या होत्या. म्हणजे काँक्रीट घट्ट झालेलं. आता ढकलून काही हलणार नव्हतं.

"सर, हे..." सुजाता म्हणाली आणि थांबली.

"वर चल," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

आधी ही बिल्डिंग काय होती ते सांगतो. नाहीतर सरळ कॉलम बघून दोन शिकलेली माणसं रस्त्यात का गळपटली, ते कळायचं नाही.

मी आरसीसी कन्सल्टंट. आर्किटेक्ट स्वप्न बघतो, आणि ते पडू नये म्हणून मी आकडेमोड करतो. बिल्डिंग चांगली झाली की लोक आर्किटेक्टचं नाव घेतात. पडली की माझं. कराडच्या कॉलेजातनं बाहेर पडलो तेव्हापासून सांगलीत हाच धंदा. गोडाऊन, दवाखाने, कुपवाडच्या शेड, तीन-चार मजल्याच्या अपार्टमेंट. वाकडं काही कधी केलं नव्हतं.

ही जी बिल्डिंग, तिचा मालक मिलिटरीतून रिटायर झालेला सुभेदार. साताऱ्याकडचा ऊसवाला गडी, पण ऊस भावांवर सोडून सांगलीत बिल्डर झालेला. सगळे त्याला सुभेदारच म्हणायचे. तेव्हा सांगलीत सहा मजले झाले तरी लोक टोपी सांभाळत वर बघायचे. ह्याला बारा पाहिजे होते.

"इंजिनेर," तो पहिल्याच भेटीत म्हणाला, "नुसती उंच न्हाई. मिरजंच्या ठेसनात उतरल्याला माणूस रिक्षात बसून सांगलीकडं आला, की लांबनं त्येनं म्हणलं पायजे, अरे, ये क्या चीज है!"

आणि तशी चीज सुजातानं काढून आणली होती. सुजाता कांबळे, आर्किटेक्ट. अठ्ठावीस-तिशीची पोरगी, मुंबईला शिकलेली, पुण्यात दोन वर्षं उमेदवारी करून परत सांगलीत आलेली. कुपवाडला सुभेदाराच्या मेव्हण्याची शेड तिनं केली होती, त्यावरनं हे काम मिळालं. तिचं स्वतःचं असं पहिलं मोठं काम.

पत्त्यांचा कॅट डोळ्यांपुढं आणा. नीट रचला की साधी बिल्डिंग. प्रत्येक पत्ता खालच्यापेक्षा किंचित फिरवून ठेवला की ही. खालचा दरवाजा रस्त्याकडं, वरपर्यंत जाता जाता बिल्डिंग नदीकडं तोंड करणार. मधोमध कोअर, म्हणजे जिना आणि लिफ्टच्या भोवतीच्या जाड भिंती. तो मात्र सरळ. कडेचे आठ कॉलम तिरके, प्रत्येक मजल्याला सारखेच तिरके. तिरका कॉलम स्लॅबला बाजूला रेटतो. पण वरचाही तेवढाच तिरका असला की दोघं एकमेकाला सावरतात. उरलेलं कोअर बघतो.

मी पहिल्यांदा ड्रॉइंग बघितलं तेव्हा कपाळावर हात मारला. "अहो बाई, हे फिरवायचं कशाला? दिसायला?"

"दिसायला नाही, सर," ती म्हणाली. "सरळ बिल्डिंगमध्ये वरची बाल्कनी खालच्या बाल्कनीचं झाकण होते. फिरवली की प्रत्येकीचा अर्धा भाग उघडा पडतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईलासुद्धा स्वतःचं ऊन मिळतं."

"उन्हाचं एवढं काय?"

"माझी आई सगळा जन्म पापड वाळवायला दुसऱ्यांच्या गच्च्या मागत फिरली. कुणी द्यायचं, कुणी नाही. जे नाही द्यायचे ते का नाही द्यायचे, ते तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. मी आकडेमोड घेतली.

ह्या बिल्डिंगचा सेंटरिंग मिस्त्री तिचा बाप होता. कॉलम-स्लॅबच्या काँक्रीटला आकार देणाऱ्या फळ्या आणि टेकू उभे करतो तो सेंटरिंगवाला. किसनमिस्त्री मूळचा मेढ्याकडचा. कोयनेच्या धरणावर पोरवयात हे काम शिकला आणि नंतर सांगलीत आला. त्याची टोळी म्हणजे त्याच्या गावचीच पंधरा-वीस माणसं. त्याचा ओळंबा सांगलीत प्रसिद्ध होता. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. सोडलं की भिंत सरळ आहे का वाकडी, लगेच कळतं. किसनमिस्त्रीनं उभा केलेला कॉलम परत तपासायची गरज नसायची. दुसरे मिस्त्री भांडले की म्हणायचे, "जा, किसनाला बोलीव."

मिस्त्रीला सुजातानं आणलं नव्हतं. सुभेदारानंच आणलं होतं, त्याची सगळी कामं तोच करायचा. लेकीचं ड्रॉइंग बापाच्या हातात, म्हणून सुरुवातीला सगळ्यांना कौतुक. मिस्त्री तर हवेतच होता. वाटेनं जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "आमच्या सुजीची बिल्डिंग हाय. वरपातुर फिरत जाणार." लोक म्हणायचे, म्हणजे वाकडी? मग तो हसायचा. पण ते हसणं दर मजल्याला थोडं थोडं कमी होत गेलं.

काम कसं चालायचं ते सांगतो. स्लॅब झाला की त्यावर वरच्या कॉलमच्या जागा आखतात. त्याला लाइन-आउट म्हणतात. नेहमीच्या बिल्डिंगला मिस्त्री खालच्या कॉलमवर ओळंबा धरतो आणि बरोबर त्याच्या वर दुसरा घेतो. इथं तसं चालणार नव्हतं. म्हणून सुजातानं कोनाचं माप दिलं आणि मिस्त्रीनंच त्याचा एक भला मोठा लाकडी गुण्या केला. गुण्या म्हणजे गवंड्याचा काटकोन, पण हा तिरका. कोअरच्या खुणेवर तो ठेवायचा, रेघ मारायची, त्या रेघेकडं कॉलमचं डोकं झुकवायचं. मिस्त्रीला हे सगळं व्यवस्थित कळलं होतं. चार मजले त्यानं सुतासारखे फिरवले. मी स्वतः मोजले होते. तेव्हा, अडाण्याच्या हातून चूक झाली, असं कुणी म्हणू नये. मला तसं म्हणणाऱ्याचा राग येतो.

आम्ही वर गेलो. टोळी चहाला बसली होती. मिस्त्री एका कॉलमला हात लावून उभा होता. आम्हाला बघून त्यानं डोक्याचा रुमाल काढला.

"आबा," सुजाता म्हणाली, "गुण्या कुठं आहे?"

"हाय की. तितं, वाळूवर."

"लावला नाही?"

"न्हाई लावला."

"विसरलात?"

"इसरायला म्यां म्हातारा झालो का गं?"

मग तो माझ्याकडं वळला. लेकीला सांगता येत नव्हतं ते मला सांगू लागला. "आवं सायेब, तुमी दोगं पुन्याला गेला आन दुसऱ्या दिशी ते कुपवाडचं शेट आलं. सातवा मजला बुक केल्यालं. संगं चार मानसं. खाली उभं ऱ्हाऊन बगितलं आन माज्या मानसांम्होरं म्हणालं, कांबळ्याच्या पोरीला सरळ रेघ मारता येत न्हाई, आन आमाला त्यात ऱ्हायला लावत्यात. समदी हासली. माजी टोळी खाली मान घालून उभी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? गिऱ्हाईक हाय. म्यां म्हणलं, सायेब, वरचा मजला येऊ द्या, मग बगा."

सुजाता वाकून एका कॉलमच्या बुडाशी बसली आणि बोटानं रेघ बघत राहिली. रेघ ओळंब्यातली होती, केसाचाही फरक नव्हता.

"किल्लारीचा भूकंप झाल्यापसनं लोकं आधीच भेल्याली," मिस्त्री सांगत होता. "कोयनंचा धक्का बसला की घराभाईर पळत्यात. वाकडी बिल्डिंग म्हणजे पडायला आल्याली, आसं म्हणत्यात. दर मजल्याला यिवून बोलून जात्यात. तुला म्होरं काम कोन दील, सुजे? एकदा का नाव खराब झालं... आपल्या मानसाचं नाव खराब व्हायला कितीसा येळ लागतोय? म्हणलं, एक मजला वळंब्यात घेतो. लोकास्नी दिसू दे, की हिला सरळ बी येतंय."

मला एकदम ओरडावंसं वाटलं. अहो मिस्त्री, एक मजला सरळ घेतल्यानं ही बिल्डिंग मध्येच मोडल्यासारखी दिसणार आहे! खालचे तिरके कॉलम रेटणार आणि वरून सावरणारं कुणी नाही, सगळा रेटा ह्या एका स्लॅबवर येणार आहे! पण मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि गिळलं. तो माणूस आमच्याकडून शाबासकीची वाट बघत होता हो. खरंच सांगतो. त्याला वाटत होतं, त्यानं लेकीला वाचवलंय.

"चहा घ्या आबा," सुजाता म्हणाली. "तुमचा राहिला असेल."

आणि ती खाली उतरली. जिन्यात मी तिला गाठलं.

"हे बघ," मी म्हणालो, "घाबरू नकोस. ह्यांच्यावरचा स्लॅब अजून झालेला नाही. नुसते कॉलम आहेत. फोडायचे आणि परत घ्यायचे. पंधरवड्याचं काम. लोखंड वाचेल. तुझ्या बिल्डिंगला काही होत नाही."

"नक्की सर?"

"नक्की. सुभेदाराला सांगावं लागेल, एवढंच."

तिनं मान हलवली. तिला तेव्हाच पुढचं दिसलं असावं. मला दिसलं नव्हतं. मला फक्त काँक्रीट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी साइटच्या ऑफिसात मीटिंग. ऑफिस म्हणजे पत्र्याची शेड, एक टेबल, चार खुर्च्या आणि सुभेदाराचा पलटणीतला फोटो. सुभेदार, मी, सुजाता, आणि दाराशी उभा किसनमिस्त्री. त्याला बस म्हटलं तरी बसला नाही. दाराबाहेर त्याची टोळी काम थांबवून घुटमळत होती.

सुभेदारानं मला विचारलं, "इंजिनेर, फुटत्यात का कॉलम?"

"फुटतात."

"न फोडता वर जाता यील का?"

"येईल. पण मग मध्येच वळण घेता येणार नाही. वर सगळं सरळच न्यावं लागेल, आणि कडेनं जाड बीम घालून ह्या चौथ्या स्लॅबला आवळावं लागेल. उभी राहील. पण ती ही बिल्डिंग नाही."

"बरं." सुभेदार सुजाताकडं वळला. "मॅडम, तुमाला मी जबान दिलीय की तुमच्या ड्रॉइंगपरमानं बांधणार. गिऱ्हाइकं कुरकुर करत्यात, चार जणांनी बुकिंग काडून घेतलं, तरी मी मागं सरलो न्हाई. व्हय का न्हाई?"

"हो."

"आता फकस्त एकच सवाल. ऑर्डर कुणाची? मिस्त्रीनं आपल्या मनानं केलं आसंल, तर ऑर्डर मोडली. मिस्त्री आन त्येची टोळी आज साइटच्या भाईर. नवा मिस्त्री आणतो, कॉलम फोडतो, बिल्डिंग ठरल्याली तशी फिरत जाईल. तुमी सांगितलं आसंल, तर गुन्हा कुणाचाच न्हाई. तुमचाच इचार बदलला. मग आपुन वर सरळ जाऊ, मी गिऱ्हाइकास्नी तसं सांगून टाकतो."

मी मध्ये पडलो. "सुभेदार, मिस्त्री जुना माणूस आहे. एवढ्या कामांत एकदा..."

"इंजिनेर, पलटणीत मानूस जुना आसला की शिक्षा जादा आसती. नव्याला माफ हाय."

आता इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे. सुभेदार वाईट माणूस नव्हता. त्याच्या मते तो दोन्ही बाजूंना न्याय देत होता. पण किसनमिस्त्रीला साइटवरनं हाकलला, ही बातमी दुपारपर्यंत मार्केट यार्डापासून मिरजेच्या चौकापर्यंत गेली असती. लेकीच्याच बिल्डिंगवरनं हाकलला. वाकडं केलं म्हणून नव्हे, सरळ केलं म्हणून! लोकांनी वर्षानुवर्षं चघळलं असतं. आणि कांबळ्याचं हे असंच, असं म्हणायला जे टपून बसले होते, त्यांना आयतं मिळालं असतं. बाहेर त्याच्या गावची माणसं उभी होती. त्यांच्यात त्याचा एक पुतण्या आणि एक साडूचा मुलगा. साठीला आलेल्या माणसानं त्यांच्यासमोरून हत्यारं उचलून गेटबाहेर जायचं.

आणि दुसऱ्या बाजूला हिची बिल्डिंग.

मिस्त्री पुढं झाला. "सायेब, म्यां माज्या मनानं..."

"आबा, थांबा," सुजाता म्हणाली. आवाज अगदी साधा. "तुम्ही कशाला सांगताय? मीच म्हणाले होते." मग सुभेदाराकडं बघून, "पुण्याहून फोन केला होता मी. म्हटलं, इथनं पुढं सरळ घ्या. लोकांना आवडत नाही तर उगाच हट्ट नको. सरांना अजून सांगायचं राहिलं होतं."

पुण्यात मी चारही दिवस तिच्याबरोबर होतो. महापालिकेला बारा मजल्यांसाठी तिथल्या एका प्राध्यापकाचं मत पाहिजे होतं, त्यासाठी गेलो होतो. सकाळी निघायचो, संध्याकाळी लॉजवर यायचो, आणि ती सगळा वेळ वरच्या मजल्यांच्या बाल्कन्यांविषयी बोलत असायची. फोनबिन काही नव्हता.

सुभेदारानं माझ्याकडं बघितलं. "इंजिनेर?"

"लाइन-आउट आर्किटेक्टची असते," मी म्हणालो. "त्या म्हणतील ते."

"मग झालं की!" सुभेदार खुर्चीत मागं रेलला. खरं सांगायचं तर त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. दिलेला शब्दही मोडला नाही आणि गिऱ्हाइकंही परत येणार. "मॅडम, तुमी समजदार हाय. मिस्त्री, चला, कामाला लागा. वर सरळ."

मिस्त्री जागचा हलला नाही. लेकीकडं बघत राहिला. मला वाटलं, आता हा रडणार. मला वाटलं, ह्याला सगळं कळलं. पण त्याच्या तोंडावर हळूहळू जे आलं ते वेगळंच होतं. तो हसला. अंगातलं ओझं उतरल्यासारखा हसला. बाहेर जाऊन टोळीला म्हणाला, "उटा रं गड्यांनो. वरपातुर वळंब्यात जायचं!"

त्या दिवशी काम सुटताना त्यानं मला गेटपाशी गाठलं. "सायेब, पोरीनं माजं ऐकलं. लहानपनापसनं हट्टी हाय. तिला पटलं बगा काल वर. काय बोलली न्हाई, पर तिला पटलं. मला वाचवाया फोनचं खोटं बोलली, त्ये बी समजलं मला. पर पटल्याबिगर ती खोटं बोलायची न्हाई."

मी "हो मिस्त्री," म्हणालो.

सुजाताला मी तिच्या ऑफिसात जाऊन झाडलं. राग आला होता मला, लपवत नाही. "का केलंस तू हे? खरं सांगितलं असतंस तर बिल्डिंग वाचली असती. मी सुभेदाराला समजावलं असतं. महिन्यानं मिस्त्रीला परत आणलं असतं."

ती टेबलावर पसरलेलं ड्रॉइंग गुंडाळत होती. "परत आले असते का हो, सर? तुम्ही ओळखता आबांना. लेकीनं माझ्या तोंडावर सांगितलं आणि मला हाकललं, हे घेऊन ते परत आले असते?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"मला मिळेल की दुसरी बिल्डिंग," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं. मोठ्यानं नाही. ड्रॉइंगचं भेंडोळं छातीशी धरून ती खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मी बसलो होतो तिथंच बसून राहिलो. पाणी आणून देण्याचंही सुचलं नाही.

वरचे आठ मजले सरळ करायची आकडेमोड मीच केली. दुसरा कोण करणार? चौथ्या स्लॅबला कडेनं बीम आवळला, कोअरमध्ये लोखंड वाढवलं. नवीन ड्रॉइंग सुजातानं काढलं आणि सही केली. एकही बाल्कनी आता उघडी नव्हती. प्रत्येकीवर वरचीचं झाकण. तिनं ती सगळी नीट, मापात काढली होती. मी इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ ड्रॉइंग बघितलेलं नाही.

बिल्डिंग झाली. सगळे फ्लॅट गेले, वरचे आधी गेले. कुपवाडच्या शेटनं सातव्याबरोबर आठवाही घेतला. आणि सुभेदाराला पाहिजे होतं तसंच झालं. ती सांगलीतली खूण झाली. रिक्षावाले म्हणू लागले, "मान मोडक्या बिल्डिंगीपाशी सोडू का?" खाली पिळलेली, वर ताठ. लांबून बघितलं तर खरंच तसं वाटतं, कुणीतरी मान धरून फिरवल्यासारखं. सुभेदार त्यातही खूश. म्हणायचा, "नाव पडलं की न्हाई?"

सुजाताला दुसरी बिल्डिंग मिळाली नाही. कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही. पण सांगलीतले बिल्डर आपसांत बोलायचे, "ती मान मोडकी केली ती ना? अर्ध्यात तिलाच झेपलं नाही म्हणे." मी दोन-तीन ठिकाणी तिचं नाव सुचवलं. "बघू," म्हणाले. वर्ष-दीड वर्ष तिनं गेटं, कंपाउंड, एका दवाखान्याचा जिना, असली कामं केली. मग मस्कतला एका मोठ्या कंपनीत गेली. तिथं ती दुसऱ्यांनी काढलेल्या टॉवरचे टॉयलेट आणि डक्टचे डिटेल काढते. एकदा दिवाळीला भेटायला आली तेव्हा मी विचारलं, स्वतःचं काही करतेस का? म्हणाली, "नाही सर. आता सुचतच नाही." सहज म्हणाली. मला ती रात्र वाईट गेली.

किसनमिस्त्रीनं त्या बिल्डिंगनंतर काम सोडलं. गुडघे गेले होते. रोज दुपारी तो बिल्डिंगसमोरच्या चहाच्या गाड्यावर येऊन बसायचा. मी त्या रस्त्यानं जाणं टाळायचो. पण एकदा साइटवर जाताना स्कूटर पंक्चर झाली ती नेमकी तिथंच. त्यानं हाक मारली. जावं लागलं.

चहा मागवला. सुजीचं कसं चाललंय ते सगळं सांगितलं. मस्कतमधलं मोठं हापीस, साठ-साठ मजले, एसी. बाजूला एक अनोळखी म्हातारा बसला होता, त्यालाही सांगितलं. मग माझ्या दंडाला धरून म्हणाला, "सायेब, बगा जरा वर. कुटं तरी फरक हाय का सांगा."

"नाही मिस्त्री. ओळंब्यात आहे."

"हाय न्हवं?" मग त्या म्हाताऱ्याकडं वळून, बोट दाखवत, समजावून सांगत म्हणाला, "त्ये खालचं चार मजलं दिसत्यात का, वाकडं? त्ये पोरगी शिकाऊ व्हती तवाचं. नवं नवं शिकून आल्याली. वरचं तिचं खरं काम."

म्हातारा म्हणाला, "व्हय व्हय. वरचं झ्याक हाय."

मी चहा तसाच खाली ठेवला. मी पंक्चर काढून झालं का बघतो, असं सांगून उठलो, आणि स्कूटरच्या आड उभा राहून डोळे पुसले. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, टायर बदला आता." मी बरं म्हणालो.

त्या वर्षानंतर मी माझ्या कामांना एक नियम केला. आर्किटेक्ट, बिल्डर, मिस्त्री, कुणी का असेना, बाप-लेक, भाऊ-भाऊ एका साइटवर घ्यायचे नाहीत. लोकांना वाटतं, इंजिनेर विक्षिप्त आहे. कारण विचारतात. मी सांगतो, नात्यातली माणसं असली की लोड कुणी घेतला ते ड्रॉइंगमध्ये दिसत नाही.